माटोळीचा दोर आणि जनुकाचा पीळ

म्हार्दोळची जाई

चवथीच्या आदल्या दिवशी माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची रानफळांची चौकट, बांधणं हे आमच्याकडे धाकट्या काकांचं काम. बाजारात हवी तेवढी नायलॉनची दोरी मिळते, पण काका अजून केवणीचेच दोर वळतात. साल सोलायची, भिजत घालायची, तंतू सुटे झाले की दोन पदर मांडीवर वळून एकमेकांत पिळायचे. यंदा माझा भाचा त्यांच्या शेजारी बसला होता. बारावीला आहे. हातात माटोळीला बांधायच्या केवणीच्या शेंगा, ज्यांना घाटावर मुरुडशेंग म्हणतात. पाच फोडी एकमेकींना पीळ देऊन बसलेल्या. म्हणाला, "मावशी, हा हुबेहूब डीएनए!"

मी फोंड्याच्या बाजूला उच्च माध्यमिकात जीवशास्त्र शिकवते. असं काही कानावर पडलं की मला राहवत नाही. त्याला म्हटलं, शेंग राहू दे, आजोबांच्या हातातला दोर बघ. शेंगेचा पीळ सुकून कायमचा झालाय. डीएनएचा पीळ वाढतो, कमी होतो, एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकतो. आणि एखादं जनुक वाचलं जाणार की नाही, यात त्या पिळाचा मोठा हात असतो.

पाठ्यपुस्तकात प्रतिलेखन, म्हणजे जनुक वाचून त्याची आरएनए प्रत काढणं, अर्ध्या पानात आटोपतं. हे वाचन करणारा आरएनए पॉलिमरेज येतो, प्रमोटरला, म्हणजे जनुकाच्या सुरुवातीच्या जागेला, चिकटतो, डीएनएची अक्षरं (ए, टी, जी, सी) वाचत पुढे जातो. डीएनए बिचारा कागदावरच्या ओळीसारखा निमूट पडलेला. खरा डीएनए असा कधीच पडलेला नसतो. तो ओढला जातो, वाकतो, थरथरतो, त्याला आढ्या पडतात.

मग तिथेच ओट्यावर प्रयोग केला. चार हात दोर घेतला. एक टोक माटोळीच्या चौकटीला बांधलं, दुसरं भाच्याच्या मुठीत. चौकटीजवळ दोन पदरांच्या मधून बांबूची काडी घातली आणि तशीच, न फिरवता, त्याच्याकडे सरकवत नेली. पहिले वीतभर अंतर सहज. नंतर पुढचा दोर आवळत चालला, पीळ एकावर एक चढले, आणि मुठीजवळ दोराने स्वतःभोवतीच गाठीसारखी आढी घेतली. काडीच्या मागे मात्र दोन्ही पदर सैल होऊन लोंबत होते.

पॉलिमरेजचं नेमकं हेच होतं. तो बारा-चौदा अक्षरांपुरते दोन पदर उघडतो आणि तो उघडा भाग पुढे नेत जातो. डीएनएचा एक वेढा साधारण साडेदहा अक्षरांचा. म्हणजे हजार अक्षरांचं जनुक वाचायचं तर जवळजवळ ९५ वेढे सोडवावे लागतात. पॉलिमरेज स्वतः दोराभोवती फिरत गेला असता तर काही साठलं नसतं. पण त्याच्यामागे तयार होणाऱ्या आरएनएचं शेपूट असतं. जिवाणूत तर त्या शेपटावर रायबोसोम बसून प्रथिनं करायलाही लागलेले असतात. एवढं लटांबर घेऊन गिरक्या घेणं जमत नाही. मग पॉलिमरेज न फिरता पुढे सरकतो आणि दोरच फिरतो: पुढे पीळ चढतो, मागे उतरतो. लेरॉय लिऊ आणि जेम्स वँग या शास्त्रज्ञांनी १९८७ मध्ये ही कल्पना मांडली.

याचा परिणाम बघा. मागे सैल पडलेल्या दोरावर दुसऱ्या जनुकाचा प्रमोटर असेल तर तो उघडायला सोपा जातो. पुढे घट्ट झालेल्या भागात असेल तर अवघड. शेजारच्या जनुकाचं एक अक्षरही बदललेलं नाही, तरी त्याचं वाचन वाढतं किंवा मंदावतं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दोन दिवस त्याच विचारात होते. तुम्हाला काय वाटतं, काय माहीत आहे, लिहा. विशेषतः भौतिकशास्त्रवाल्यांनी.

प्रयोगवही

ताई, धागा फार आवडला. मी बीएस्सीला भौतिकशास्त्र घेतलंय. एक शंका आहे. तुमच्या दोराची दोन्ही टोकं धरलेली होती. पेशीत डीएनएची टोकं कोण धरून ठेवतं? टोक मोकळं असेल तर दोर गरकन फिरेल आणि पीळ निघून जाईल ना?

म्हार्दोळची जाई

@प्रयोगवही, अगदी मुद्द्याचं विचारलंस. बऱ्याच जिवाणूंत टोकच नाही, डीएनएचं कडं असतं. पीळ जाणार कुठे?

आपल्या पेशीत टोकं आहेत, पण ती फार लांब. आपलं सर्वात मोठं गुणसूत्र म्हणजे पहिलं, सुमारे २५ कोटी अक्षरांचं. सरळ केलं तर आठ सेंटीमीटरच्या वर. सगळी ४६ मिळून दोन मीटर, आणि हे सगळं काही मायक्रोमीटरच्या केंद्रकात. एवढ्या लांब, दाटीवाटीने गुंडाळलेल्या दोराला मधल्या जागी दिलेला पीळ टोकापर्यंत पोचेपर्यंत पुढचं वाचन कधीच सुरू झालेलं असतं. शिवाय दोर जागोजागी प्रथिनांनी आवळलेला असतो, फासे करून बांधलेला असतो. विहिरीच्या लांब ओल्या दोराचं एक टोक पिळून बघ, दुसऱ्या टोकाला पत्ताही लागत नाही.

आपल्याकडे म्हणतात सुंभ जळला तरी पीळ जात नाही. पेशीला मात्र पीळ घालवावाच लागतो, नाहीतर पॉलिमरेज अडकून बसेल. त्यासाठी तिच्याकडे टोपोआयसोमरेज नावाची विकरं (एन्झाइम) आहेत. पहिलं जेम्स वँग यांनीच १९७१ मध्ये ई. कोलाय जिवाणूत शोधलं. ते दोन पदरांपैकी एक कापतं, कापलेलं टोक हातचं सोडत नाही, अतिरिक्त पीळ निघून जाऊ देतं आणि पुन्हा सांधतं. दुसऱ्या प्रकारचं विकर दोन्ही पदर कापून त्या फटीतून डीएनएचा दुसरा भाग पार करतं आणि मग सांधतं. जिवाणूंत गायरेज नावाचं एक विकर तर ऊर्जा खर्चून डीएनएचा पीळ मुद्दाम कमी करत राहतं. त्यांचा डीएनए नेहमीच थोडा सैल राखलेला असतो, सुमारे सहा टक्के. उघडायला तयार.

औषधवाला

पणजीत औषधांचं दुकान आहे माझं. सिप्रोफ्लॉक्सासिन रोज विकतो, ती याच गायरेजला धरते. जिवाणूचं हे विकर आपल्यापेक्षा बरंच वेगळं, म्हणून औषध म्हणून चालतं. एवढी वर्षं "जंतू मारते" एवढंच सांगत आलो. आता पीळ सांगेन.

सत्तरीकार

जाईताई, तुम्ही केवणीपासून सुरुवात केलीत, मी नरक्यावर येतो.

मी जंगलात फिरणारा माणूस. सह्याद्रीत नरक्या नावाचं झाड होतं तसं आहे, पण आता शोधावं लागतं. फुलांना इतका घाण वास की जवळ उभं राहवत नाही. शास्त्रीय नावातही पूर्वी फीटिडा, म्हणजे दुर्गंधी, असा शब्द होता. १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी या झाडात कॅम्प्टोथेसिन असल्याचं दाखवलं. त्याआधी १९६६ मध्ये वॉल आणि वाणी यांनी ते एका चिनी झाडातून वेगळं केलं होतं. हे वाणी म्हणजे मनसुख वाणी, मूळचे आपल्या नंदुरबारचे. पुढे परदेशातून मागणी आली आणि आपल्या घाटातली झाडं मुळासकट गेली. पोती भरभरून लाकूड गेलेलं सांगणारे लोक अजून आहेत.

हे इथे का सांगतोय? कॅम्प्टोथेसिन थेट डीएनएला काही करत नाही. तुम्ही म्हणता त्या एक पदर कापणाऱ्या विकराला ते मधेच गाठतं. पदर कापलेला आहे, सांधायचा राहिलाय, आणि तिथेच विकर अडकतं. वेगाने वाढणाऱ्या पेशीत डीएनएची नक्कल चालू असते, ती तिथे येऊन आदळते आणि दोर तुटतो. हा निशाणा कोणता हे १९८५ मध्ये दाखवणाऱ्यांत तुमचे लेरॉय लिऊ होतेच.

एक कळकळीची विनंती. हे वाचून कोणी नरक्याची साल काढा करून प्यायला जाऊ नये. मूळ द्रव्य विषारी आहे, औषधं त्यापासून बदल करून केलेली आहेत, आणि झाडं आधीच थोडी उरली आहेत.

काणकोणचा वारा

सत्तरीकार, तुमचा प्रतिसाद वाचून थांबले. माझ्या आईला मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी इरिनोटेकन दिलं होतं. दर दोन आठवड्यांनी. सलाईनमधून थेंब पडताना मी तासन्‌तास बघत बसायचे आणि मनात एकच प्रश्न, हे आत जाऊन करतंय काय. डॉक्टर घाईत असायचे, विचारायचा धीर झाला नाही. ते याच घराण्यातलं औषध आहे ना? आई आता बरी आहे. चवथीला तिनेच नेवऱ्या तळल्या.

म्हार्दोळची जाई

@काणकोणचा वारा, हो, त्याच घराण्यातलं. आईंना माझा नमस्कार सांगा. वाचून फार बरं वाटलं.

त्याच घराण्यातल्या टोपोटेकनवरून प्रतिलेखनाबद्दल एक मोठी गोष्ट कळली. २०१३ मध्ये उंदराच्या चेतापेशींना ते दिलं तेव्हा सगळी जनुकं सारखी मंदावली नाहीत. मंदावली ती मुख्यतः लांबलचक जनुकं. जनुक जितकं लांब तितका वाचताना साठणारा पीळ जास्त, आणि पीळ सोडवणारा जागेवर नाही. आखूड जनुक कसंबसं निभावून नेतं. लांब जनुकात पॉलिमरेज वाटेतच अडकतो. त्या लांब जनुकांतली बरीच मेंदूच्या जडणघडणीशी आणि स्वमग्नतेशी जोडलेली होती.

किती लांब म्हणाल तर डिस्ट्रोफिन नावाचं स्नायूंचं जनुक वीस लाखांहून जास्त अक्षरांचं आहे. एकदा वाचून पूर्ण करायला पॉलिमरेजला सुमारे १६ तास लागतात. साडेदहाने भागून बघा किती वेढे सोडवावे लागतात ते.

म्हापसेकर

वाचतोय, छान चाललंय. पण मला इथे थोडं थांबवायचंय. सगळं पिळावर आणि ताणावर ढकललं तर अक्षरांचं काय उरलं? आजार अक्षर बदलल्यामुळे होतात. वडिलांकडून मुलाकडे अक्षरं जातात, पीळ जात नाही.

म्हार्दोळची जाई

@म्हापसेकर, बरं झालं हे काढलंत, कारण मला तेच सांगायचं होतं. अक्षरं आणि दोर या दोन वेगळ्या वस्तू नाहीत. दोर अक्षरांचाच वळलेला आहे. केवणीचा तंतू कुठे जाड, कुठे बारीक असतो आणि दोर त्याप्रमाणे कुठे कडक, कुठे लवचीक होतो. काका दोर हातातून नुसता सरकवून सांगतात, इथे मोडेल, इथे गाठ बसेल. डीएनएही तसाच.

ए आणि टी ही जोडी दोन हायड्रोजन बंधांनी धरलेली, जी आणि सी तीन बंधांनी. शेजारच्या जोड्या एकमेकींवर कशा रचून बसतात यावरही बरंच अवलंबून. म्हणून ए-टी जास्त असलेला भाग लवकर उघडतो. ई. कोलायच्या प्रमोटरमध्ये वाचन सुरू होण्याच्या दहा अक्षरं आधी टी-ए-टी-ए-ए-टी असा ठसा असतो. पॉलिमरेज दार उघडतो ते तिथेच. एकापाठोपाठ पाच-सहा ए आले तर डीएनए त्या जागी मुळातच थोडा वाकलेला असतो. अशी वळणं दर दहा-अकरा अक्षरांनी, म्हणजे प्रत्येक वेढ्याला एकदा आली की वाक एकाच दिशेने साठत जातो. आपल्या पेशीत डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या गोळ्यांभोवती गुंडाळलेला असतो; अशा डीएनएला त्या गोळ्याभोवती गुंडाळून घेणं सोपं.

तेव्हा अक्षर बदललं की शब्द बदलतो, आणि दोराचा पोतही बदलतो. दोन्ही वारशाने जातात. वाचताना येणारा पीळ तात्पुरता, हे तुमचं बरोबर. पण तो कुठे साठेल आणि कुठे पहिल्यांदा उघडेल, हे पोत ठरवतो.

दोनापावला

भौतिकशास्त्रवाल्यांना हाक मारलीत म्हणून येतो. ताईंनी थरथर म्हटलंय, त्यावर थोडं.

पेशीत पाण्याचे रेणू डीएनएवर सारखे आदळत असतात. त्या धक्क्यांनी अक्षरांच्या जोड्या मधूनमधून आपोआप उघडतात आणि मिटतात. याला आम्ही डीएनएचा श्वास म्हणतो. साधारण मिलिसेकंदांच्या हिशेबाने चालतो.

त्याहून मला जवळचा वाटतो तो न्यूक्लिओसोमचा श्वास. आठ हिस्टोनांचा गोळा आणि त्याभोवती १४७ अक्षरांचे पावणेदोनला थोडे कमी वेढे. गोळ्याला चिकटलेली बाजू बाहेरून कोणाला वाचता येत नाही. पूर्वी वाटायचं, वेढा पक्का आहे, कोणीतरी यंत्र येऊन सोडवेल तेव्हाच सुटेल. २००५ मध्ये जोनाथन विडम आणि सहकाऱ्यांनी मोजलं. वेढ्याचं टोक सरासरी पाव सेकंद चिकटून राहतं आणि मग आपोआप सुटतं, १० ते ५० मिलिसेकंद मोकळं राहतं, पुन्हा बसतं. म्हणजे सेकंदाला तीन-चार वेळा दार किलकिलं होतं. प्रतिलेखन सुरू करणारं प्रथिन जवळपास असेल तर तेवढ्यात आत शिरून जागा धरतं. कोणी दार फोडत नाही, दार आपणच उघडझाप करतंय.

त्याच वर्षी स्टीव्हन ब्लॉक यांच्या गटाने प्रकाशाच्या चिमट्याने, म्हणजे लेसरने धरून, एकेका पॉलिमरेजचं पाऊल मोजलं. एक पाऊल म्हणजे एक अक्षर, ०.३४ नॅनोमीटरच्या आसपास. आणि २०१३ मध्ये दुसऱ्या गटाने ई. कोलायचा पॉलिमरेज किती पिळाला हार मानतो ते मोजलं: सुमारे ११ पिकोन्यूटन-नॅनोमीटर (पिळाचा जोर मोजायचं एकक). त्यापुढे तो थांबतो, कधी मागे सरकतो. ताईंची काडी जिथे अडकली ती जागा.

कुळागर

पीळ, ताण आणि गुणसूत्रं यांवर बोलतोय आणि गोव्यात बसून बोलतोय, तर दामोदर धर्मानंद कोसंबींची आठवण काढायलाच हवी. कोसबेंचा माणूस, १९०७ चा जन्म. इतिहासकार म्हणून सगळे ओळखतात, पण होते गणिती. १९४४ मध्ये त्यांनी गुणसूत्रावरची जनुकांमधली अंतरं मोजायचं सूत्र दिलं, ते आजही त्यांच्याच नावाने वापरतात. एका ठिकाणी गुणसूत्रांची अदलाबदल झाली की जवळपास दुसरी होणं टळतं, हे त्या सूत्रात धरलेलं आहे. असं का टळतं याच्या स्पष्टीकरणांपैकी एक असं की गुणसूत्रात यांत्रिक ताण असतो, एका ठिकाणी तो सुटला की शेजारी सैल पडतं. पुन्हा दोरच!

म्हार्दोळची जाई

@कुळागर, किती छान. यावर तुम्ही वेगळा धागा काढा, मी वाट बघते.

आजोळ मये

ताई, मी विज्ञानातली नाही, चुकलं तर सांभाळून घ्या. चवथीला आमच्याकडे घुमट आरत्या होतात. घुमट, शामेळ, कासाळें ही सगळी वाद्यं जमली की छातीत नाद घुमतो. कीर्तनात एकदा ऐकलं होतं की अशा नादाची कंपनं डीएनएपर्यंत पोचतात आणि तो शुद्ध होतो. तुम्ही थरथर म्हणता ती हीच का?

म्हार्दोळची जाई

@आजोळ मये, प्रश्न चांगला आहे आणि मीही घुमट आरतीत वाढलेय, तेव्हा मनापासून उत्तर देते. नाही, ही थरथर ती नव्हे.

घुमटाचा नाद समजा सेकंदाला ५०० कंपनांचा. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो, म्हणजे शरीरात त्याची एक लाट तीन मीटर लांब झाली. डीएनए दोन नॅनोमीटर जाड. एवढ्या लांब लाटेत सबंध पेशी एकदमच पुढेमागे होते, जशी भरतीच्या पाण्यावर अख्खी होडी वरखाली होते. होडीतल्या दोराला त्याने पीळ पडत नाही. पाण्याच्या रेणूंचे धक्के मात्र डीएनएला जागोजागी, वेगवेगळ्या दिशांनी बसतात, आणि ते घुमट वाजो न वाजो चालूच असतात.

पण एक गोष्ट खरी आहे. पेशीला थेट धरून ओढलं तर तो ताण केंद्रकापर्यंत पोचतो. २०१६ मध्ये जिवंत पेशीला बाहेरून चुंबकी मणी चिकटवून तो हलवला, तेव्हा आतला डीएनए प्रथिनांसकट ताणला गेला आणि तिथल्या एका जनुकाचं प्रतिलेखन वाढलं. स्नायू, हाडं, रक्तवाहिन्या यांना असे ताण रोजच बसतात. आरती छातीत घुमते ती आपल्याला आवडते, जवळची माणसं एकत्र गातात, तेवढं तिला पुष्कळ आहे.

आजोळ मये

समजलं ताई. होडीचं उदाहरण लक्षात राहील.

प्रयोगवही

ताई, मी काल हॉस्टेलवर प्रयोग केला. केवण मिळाली नाही, दुकानातून दोन पदरी काथ्याचं सुंभ आणलं, तीन मीटर. एक टोक खिडकीच्या गजाला, दुसरं पलंगाच्या पायाला. आधी पेनने खुणा करून पीळ मोजले, मीटरला ३५. मग पेन्सिल घालून न फिरवता सरकवली. ९० सेंटीमीटरवर पहिली आढी पडली, सव्वा मीटरवर पेन्सिल जागची हलेना. हात लाल झाला.

मग मित्राला पेन्सिल धरायला सांगितली आणि पुढच्या आवळलेल्या भागातला एकच पदर ब्लेडने कापला, कापलेली दोन्ही टोकं चिमटीत सैलसर धरून. दोर चिमटीत सर्रकन फिरला, मोजताच आलं नाही किती वेळा. आढी आपोआप उलगडली. टोकं परत जोडून वरून चिकटपट्टी गुंडाळली आणि मित्राला म्हटलं, ढकल. पेन्सिल सरकली.

आता दुसरं सुंभ आणलंय. या वेळी पेन्सिलीला मागे एक लांब सुतळी बांधणार आहे, शेपूट म्हणून, आणि पेन्सिल फिरायला मोकळी सोडून बघणार आहे की शेपटामुळे ती खरंच किती अडते.

म्हार्दोळची जाई

शेपटाची लांबी बदलत जा आणि प्रत्येक वेळी कुठे अडली ते लिहून ठेव. आकडे आले की इथेच टाक. केवणीचा दोर हवा असेल तर काका एक वळून देतो म्हणालेत.